दोन टन कोळसा, साडेतीन टन धूर

आमच्या तेलाच्या मिलमधून धूर निघतो हे सगळ्यांना दिसत होतं. तो किती निघतो, हे मात्र १९८५ सालच्या मार्चपर्यंत कुणीही विचारलं नव्हतं. जी वस्तू खाली येते तिची माणूस चौकशी करतो. वर गेलेल्या वस्तूची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

मार्चच्या शेवटी एक लांबट तपकिरी लिफाफा आला. सरकारने हवेसाठी एक स्वतंत्र ऑफिस काढलं आहे, ही बातमी आम्हाला त्या लिफाफ्यानेच कळली. आत सतरा प्रश्नांचा एक फॉर्म होता, आणि राखाडी रंगाच्या लहान-लहान चौकटी छापलेला एक पुठ्ठा. आमचे मॅनेजर गोपाळराव यांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की, तीस दिवसांत खरी माहिती न दिल्यास बॉयलर चालवण्याच्या परवानगीचा फेरविचार करण्यात येईल. 'फेरविचार' हा शब्द सरकारी कागदात आला की समजावं, विचार होऊन गेलेला आहे. बॉयलर बंद म्हणजे मिल बंद, आणि मिलमध्ये चौसष्ट माणसं.

"मारोतराव," गोपाळराव मला म्हणाले, "तुम्ही सायन्सचे ना?"

मी सायन्सचा होतो, म्हणजे एकोणसाठ साली इंटर सायन्सला केमिस्ट्रीत नापास झालो होतो. त्यानंतर सव्वीस वर्षं मी तेलाचे डबे मोजून ट्रकमध्ये चढवून देण्याचं काम करत होतो. हे मी त्यांना सांगितलं.

"नापास झाला म्हणजे बसला तर होता," गोपाळराव म्हणाले. "आमच्यापैकी कुणी बसलंच नाही." आणि त्यांनी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

घरी आल्यावर मी सुमतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे आता धूर मोजणार?"

"हो."

"कशानं?"

 नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत नवराबायकोचं बोलणं दोघांतच राहत नाही. समोरच्या खिडकीतून उत्तर आलं, "आधी काय काय विचारलं आहे ते पाहू द्या."

ते महादेवराव. छत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर चौदा वर्षांत त्यांना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि इथे तर एकदम सतरा होते. पाच मिनिटांत ते स्वतःचा खडू घेऊन आमच्या ओट्यावर हजर झाले.

पहिले तीन प्रश्न कंपनीचं नाव, पत्ता आणि मालक यांबद्दल होते. ते आम्ही परस्पर सोडवले. चौथ्यापासून अडचण सुरू झाली. प्रश्न चौथा: चिमणीची उंची किती?

दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये विचारलं. गोपाळराव म्हणाले, साठ फूट असावी. आमचे मालक ओमप्रकाशजी, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, ते म्हणाले, "सौ लिहून द्या ना. सौ फूट अच्छा दिसते." बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा देवाजी त्या चिमणीखाली बावीस वर्षं उभा होता. तो म्हणाला, "चांगली उंच हाये जी."

संध्याकाळी ओट्यावर महादेवरावांनी उपाय सांगितला. चिमणीवर चढायचं नाही, तिची सावली मोजायची. तीन फुटांची काठी उन्हात उभी करायची, तिची सावली मोजायची, मग चिमणीची सावली मोजायची, आणि त्रैराशिक मांडायचं. हे इतकं सोपं होतं की, यात काही बिघडेल असं मला वाटलंच नाही.

सकाळी नऊ वाजता मी काठी आणि टेप घेऊन मिलच्या आवारात गेलो. सावली पश्चिमेला पडली होती. ती कोळशाच्या ढिगावरून गेली, कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडच्या वस्तीत उतरली. मीही वळसा घालून तिच्यामागे गेलो. सावलीचं टोक तुळसाबाई नावाच्या एका बाईच्या अंगणात, तिने बाजेवर वाळत टाकलेल्या कुरड्यांवर पडलं होतं. मी "जरा मोजायचं आहे" असं म्हणून टेप पसरला.

त्याच क्षणी कुणीतरी ओरडलं, "नझूलवाले आले गा! जमीन मोजून राहिले!"

नझूल म्हणजे सरकारी जमिनीचं खातं. दहा मिनिटांत चाळीस माणसं जमली. मला दुसऱ्या एका बाजेवर बसवण्यात आलं. चहा आला. एका म्हाताऱ्याने एक्कावन्न सालापासूनच्या घरपट्टीच्या पावत्या माझ्या मांडीवर ठेवल्या. दुसऱ्याने रेशनकार्ड ठेवलं. घरं पाडणार नाही असं लिहून दिल्याशिवाय मला उठू देण्यात येणार नाही, हे सर्वांनी मोठ्या अदबीने सांगितलं.

"मी जमीन मोजत नाही," मी म्हणालो. "मी सावली मोजून राहिलो."

 मग तो म्हातारा हळूच म्हणाला, "आता सावलीवर बी टॅक्स लागून राहिला का जी?"

मी चिमणीकडे बोट दाखवलं. फॉर्म दाखवला. पुठ्ठा दाखवला. त्यांतलं काहीही कुणाला पटलं नाही. शेवटी तुळसाबाईच पुढे आली. पन्नाशीची, किरकोळ बांध्याची, आवाज मात्र मिलच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा.

"सावली काहून मोजता? धूर मोजा ना."

"धूरच मोजायचा आहे, बाई. सावली त्याच्यासाठीच."

"खरं?"

"खरं."

ती आत गेली आणि वनस्पती तुपाचा एक डबा घेऊन आली. डब्यात काळी, मऊ पूड होती. काजळी.

"हे आठ दिवसाचं हाये. रोज सकायी झाडतो मी आंगन. या कुरड्या पाहा. लोकं इचारते, तीळ टाकले का वं बाई? काय सांगू, मिलचा धूर हाये म्हनू? कोन घेईन मंग? म्हंतो, हो, तीळच हाये." तिने डबा माझ्या हातात दिला. "सोळा वर्सं झाली. मोजाले आलेले तुमीच पयले."

मला उगाच अपराध्यासारखं वाटलं. मी डबा मिलमध्ये नेऊन काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा जाता एक किलो दोनशे ग्रॅम. एका अंगणातलं, आठ दिवसांचं. मी ते वहीत टिपून घेतलं. चिमणी बासष्ट फूट निघाली. तुळसाबाईला पटल्यावर वस्तीतल्याच बारा माणसांनी टेप धरायला मदत केल्यामुळे आकडा बराच अचूक असावा.

आता पुठ्ठ्याची पाळी आली. त्यावर पाच चौकटी होत्या. पहिली फिकट राखाडी, पाचवी पूर्ण काळी. चिमणीपासून लांब उभं राहायचं, सूर्य पाठीमागे ठेवायचा, पुठ्ठा समोर धरायचा आणि धुराचा रंग कोणत्या चौकटीशी जुळतो ते दर मिनिटाला लिहायचं. एप्रिलच्या उन्हात नागपुरात दर मिनिटाला काही लिहिणं ही कारकुनाची नव्हे, तपस्व्याची कामगिरी आहे. मी तुळसाबाईच्या दारात डोक्याला ओला पंचा बांधून उभा राहिलो. ती मधूनमधून बाहेर येऊन "चार लिहा, चार. तीन कायचा?" असं सुचवत होती.

सरासरी तीन आली. नियम दोनचा होता.

गोपाळरावांनी वही पाहिली आणि देवाजीला बोलावून सांगितलं की, मारोतराव बघत असतील तेवढा वेळ धूर जरा पांढरा सोडत जा.

देवाजी दिवसभरात दोन टन कोळसा फावड्याने आगीत टाकायचा. कामात कुणी खोट काढलेली नव्हती. तो म्हणाला, "धूर काय मी रंगवून सोडून राहिलो? आग काळा देते, काळा निघते. पांढरा पायजे त कोळसा टाकत नाही." आणि फावडं ठेवून बसला.

धूर खरोखरच पांढरा झाला. मी घाईघाईने वीस वेळा 'एक' लिहिलं. एकविसाव्या मिनिटाला वाफ उतरली, घाणे थांबले आणि शेठजी ऑफिसमधून धावत बाहेर आले. त्या वीस मिनिटांत मिलने एक थेंब तेल काढलं नव्हतं. मी 'एक' खोडून पुन्हा 'तीन' लिहिलं.

सर्वांत अवघड होता तेरावा प्रश्न: दररोज हवेत सोडल्या जाणाऱ्या वायूचं एकूण वजन किती?

"वायूचं कुठे वजन असतं?" सुमतीने विचारलं. ती आता आमच्या ओट्यावरच्या बैठकांना नियमाने बसत होती.

"असतं," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी फरशीवर खडूने लिहायला सुरुवात केली. आपल्याकडचा कोळसा निम्मा दगडमातीच. म्हणजे दोन टनांत जळणारा कार्बन एक टन. कार्बनचे बारा भाग जळताना हवेतला प्राणवायू बत्तीस भाग घेतात. बारा आणि बत्तीस, चव्वेचाळीस. म्हणून एक टन कार्बनचा वायू होतो तीन टन सहाशे सहासष्ट किलो.

मी फरशीवरचा आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे आपण आत दोन टन टाकतो आणि बाहेर साडेतीनच्या वर जातं?"

"शिवाय राख मागे उरते ती वेगळी."

"हे कसं शक्य आहे?"

"हवा खाते ना आग, मारोतराव! फुकटची आहे म्हणून तिचं वजन धरायचं नाही की काय?"

एकोणसाठ साली असं कुणी सांगितलं असतं, तर कदाचित मी आज प्राध्यापक असतो. मी तो आकडा फॉर्ममध्ये भरला, खाली 'बारा, बत्तीस, चव्वेचाळीस' हा हिशेब जोडला आणि काजळीचं वजनही लिहिलं. फॉर्म टाइप झाला. शेठजींनी केबिनमधून विचारलं, "कार्बन कितना लिखा?" गोपाळराव म्हणाले, "तीन लावले शेठजी. तीन कॉप्या पाहिजेत." आणि शेठजींनी न वाचताच सही केली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'आपण दररोज दोन टन इंधन वापरता व तीन टन सहाशे सहासष्ट किलो वायू सोडता असे कळविले आहे. आत जाणाऱ्यापेक्षा बाहेर पडणारे जास्त कसे, याचा खुलासा करावा. प्रत्यक्ष पाहणीसाठी अधिकारी येतील.'

शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नव्हते, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"मारोतराव, दोन क्विंटल सरकी टाकली तर साडेतीन क्विंटल तेल निघते काय?"

"नाही."

"मग कोळशाले काहून निघते? निघत असन तर तसं सांगा. मी तेल बंद करतो, धुराचाच धंदा करतो."

गोपाळराव मन लावून हसले. मला फरशीवर हिशेब मांडून दाखवावासा वाटला, पण केबिनमध्ये गालिचा होता.

दुपारपर्यंत मिलमध्ये पसरलं की, मारोतरावांनी सरकारला चुकीचं काहीतरी लिहून पाठवलं आणि आता बॉयलरला कुलूप लागणार. माझ्याशी बोलणारी माणसं कमी झाली. संध्याकाळी सायकल काढताना देवाजी आडवा आला.

"बाबूजी, मिल बंद झाली त तुमाले कुठी बी खुर्ची भेटन. मी काय करू? मले आग सोडून दुसरं काही येत नाही."

"देवाजी, मी खरं तेच लिहिलं."

"कोनी सांगतलं होतं खरं लिवाले?"

फॉर्मनेच सांगितलं होतं, पण फॉर्म त्याच्या घरी चूल पेटवणार नव्हता. दुसऱ्या दिवशी गोपाळरावांनी एक कागद पुढे केला. 'सदर आकडा माझ्या नजरचुकीने लिहिला गेला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. वायूचे प्रमाण अल्प आहे.' मी सही केली. हुतात्मा व्हायला माझी ना नव्हती, पण चौसष्ट माणसांना सोबत नेण्याइतकी माझी तयारी नव्हती.

हे महादेवरावांना सांगायला मात्र मला तीन दिवस लागले. ते चिडले नाहीत, हे जास्त वाईट झालं. म्हणाले, "ठीक आहे. पण तुम्ही माफी मागितली म्हणून बारा आणि बत्तीस काही बेचाळीस होत नाहीत." आणि खिडकी लावून घेतली. आमच्या गल्लीत मे महिन्यात खिडकी लावणं म्हणजे फार झालं. सुमतीही त्या दिवशी जेवताना फक्त "भात वाढू का?" इतकंच बोलली.

अधिकारी आले ते उतारवयाचे, बुटके आणि शांत गृहस्थ निघाले. गोपाळरावांनी त्यांना संत्र्याचा रस दिला, शेठजींनी पंख्याखालची खुर्ची दिली. त्यांनी रस बाजूला ठेवला आणि फाईल उघडली. आधी फॉर्म वाचला, मग माझं माफीपत्र.

"माफी कशाची?" त्यांनी विचारलं.

"आकडा चुकला ना साहेब," गोपाळराव म्हणाले. "हे आमचे मारोतराव. डिस्पॅचला असतात."

"चूक कुठे आहे ते दाखवता का, मारोतराव?"

मी उभा राहिलो. सहीनिशी कबूल केलेली चूक शोधण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. सापडेना.

"नाही दाखवता येत, साहेब," मी शेवटी म्हणालो.

"येणारच नाही. हिशेब बरोबर आहे. खुलासा मागवणारा आमचा कारकून नवा आहे." त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे दोनशेच्या वर फॉर्म आले. तेराव्या प्रश्नाला कुणी 'नाही' लिहिलं, कुणी 'थोडा'. एकाने 'गरजेपुरता' असं लिहिलं. हिशेब मांडून आलेला हा एकच." मग ते शेठजींकडे वळले. "धुराचा रंग तीन. काजळी शेजारच्या अंगणात आठ दिवसांना सव्वा किलो. चार महिन्यांत काजळी अडवणारी कोठी बांधा आणि चिमणी तीस फूट वाढवा. तोपर्यंत बॉयलर चालू द्या."

कुलूप नव्हतं. खिडकीबाहेर कान लावून उभी असलेली माणसं पांगली. शेठजी मात्र कळवळून म्हणाले, "साहेब, सबने 'नाही' लिहिलं, उनको काय?"

"त्यांच्याकडे धूर नाही. तसं त्यांनी लिहून दिलेलं आहे."

"मतलब आमी खरं लिहिलं म्हणून आमाले?"

साहेबांनी फाईल मिटली. "तसं म्हणता येईल," ते म्हणाले.

जाताना मी त्यांना दारात गाठलं. "साहेब, काजळीचं कळलं. पण त्या साडेतीन टनांचं काय करायचं?"

"त्याला आमच्याकडे मर्यादा नाही. तो दिसत नाही, वास येत नाही, कुणाच्या कुरड्यांवर पडत नाही. लिहिलंत, चांगलं केलंत." आणि ते जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. माझी कोणतीही चूक झालेली नसताना चूक झाल्याचे खोटे लेखी निवेदन देऊन मी कंपनीला अडचणीत आणले, याचा अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा. तो कागद गोपाळरावांनीच तयार करून माझ्यापुढे ठेवला होता, हे मी खुलाशात लिहिलं नाही. मी एवढंच लिहिलं की, 'सदर चूक माझ्याकडून झाली नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.' गोपाळरावांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि फाईलला लावला. संध्याकाळी मी महादेवरावांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला तीन वेळा पुन्हा सांगायला लावलं, आणि "हिशेब बरोबर आहे" हे वाक्य साहेब नेमकं कोणत्या आवाजात म्हणाले, तेही करून दाखवायला लावलं.

सप्टेंबरात कोठी बांधून झाली. चिमणी उंचावली. देवाजी माझ्याशी अजून बोलत नव्हता. कामापुरता "हो जी, नाही जी" एवढंच.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. हात धुतलेले, टोपी काढलेली.

"बाबूजी, एक इचारू? तो जो हिशेब तुमी काढला होता, तो एका मानसाचा निघते का?"

"म्हणजे?"

"म्हंजे माहा. बावीस वर्सं मी कोळसा टाकून राहिलो. माह्या हातानं किती धूर गेला असन?"

मी कागद घेतला. दिवसाला दोन टन, वर्षाचे तीनशे दिवस, बावीस वर्षं. तेरा हजार दोनशे टन कोळसा. त्यातला निम्मा कार्बन. मग बारा, बत्तीस, चव्वेचाळीस. दोनदा करून पाहिलं.

"चोवीस हजार दोनशे टन," मी म्हणालो.

त्याला टनांचा अंदाज होता. कोळशाचे ट्रक तोच मोजून उतरवून घ्यायचा. त्याने मनातल्या मनात ट्रक मोजले असावेत, कारण तो स्टुलावर बसला. आपल्या तळव्यांकडे त्याने एकदा पाहिलं. मग खिडकीतून वर पाहिलं. मीही पाहिलं. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

"मंग ते सारं गेलं कुठी जी?"

मी फॉर्मची जुनी कॉपी काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिली. सतरा प्रश्नांत तो नव्हता.

"ते विचारलेलं नाही, देवाजी," मी म्हणालो.

"पन गेलं त असनच कुठी."

"असेल."

भोंगा झाला. देवाजी उठला, टोपी घातली आणि बॉयलरकडे गेला. थोड्या वेळाने फावड्याचा आवाज सुरू झाला.